रोव्हर अळ्या जागच्या हलेनात

फळमाशीच्या अळ्या यीस्टच्या पेस्टवर सोडल्या की ‘रोव्हर’ वाणाची अळी खात खात लांब निघते, ‘सिटर’ जवळपासच तोंड घालून बसते. हा फरक आनुवंशिक असल्याचं मार्ला सोकोलोव्स्की यांनी १९८० साली दाखवलं. त्यामागचा ‘फोरेजिंग’ जीन पीकेजी हे एन्झाइम बनवतो, हे १९९७ मध्ये कळलं. आमच्या प्रयोगशाळेत दोन्ही वाणांचे स्टॉक, म्हणजे बाटल्यांत वाढवलेल्या माश्या, मी सांभाळते.

सगळी मेख वयात असते. अळी साधारण ९६ तासांची हवी. मोठी झाली की ती कोषासाठी जागा शोधत खाणं सोडून सुटते; मग रोव्हर काय नि सिटर काय, सगळ्याच भटक्या. पेस्ट पातळ झाली तर अळी पोहते, घट्ट झाली तर अडखळते. जमली तर तिच्यामागे बारीक चर उमटतो. पाच मिनिटांनी झाकणावर मार्करने तो गिरवायचा आणि लांबी मोजायची. यात माझा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही.

त्या दिवशी रोव्हरचे चर बोटाच्या पेराएवढे आले. सरांनी दारातूनच निकाल दिला, “स्टॉक मिक्स झालाय, टाकून द्या.” सरांनी ब्रश हातात धरून वर्षं झाली. मी बाटली उजेडात धरली. खाद्य काचेपासून सुटलेलं, त्यावर अळ्यांची दाटी. यीस्टच्या मागणीचा कागद टेबलाटेबलावर फिरत होता, म्हणून मक्याच्या पिठात यीस्ट निम्मंच पडलं होतं. उपाशी रोव्हर सिटरसारखी वागू लागते, हे कधीच छापून आलंय. त्याच स्टॉकची, आधीच्या खाद्यावरची बाटली उघडली, तर चर थेट ताटलीच्या कडेला.

स्टॉक वाचला, पण त्या दिवसाची मोजणी ‘खराब डेटा’ म्हणून बाजूला गेली. मला ते पटलेलं नाही. पाहुणे ‘भटकेपणाचा जीन’ म्हणत फोटो काढतात. त्यांना दाखवावं असं काही असेल तर हेच.

आणि त्याच उपाशी बाटलीतल्या दोन-तीन अळ्या तरीही कडेपर्यंत गेल्या होत्या. वाण तोच, दाटी तीच, भूकही तीच. सर म्हणतात, नॉइज, निव्वळ योगायोग. मी ते चर वेगळ्या पानावर ठेवलेत. आता यीस्ट आलंय, आणि मुद्दाम निम्मंच घालायची परवानगी मी सरांकडे मागितली आहे.