जीभ अडखळवणारे एक नाव

‘सायन्स फिक्शन’ हे नाव ह्यूगो गर्न्सबॅक यांनी रूढ केले, असे सर्रास सांगितले जाते आणि ते खोटेही नाही. पण त्यांचा जीव जडला होता तो दुसऱ्याच एका शब्दावर. लक्झेंबर्गमध्ये १८८४ साली जन्मलेल्या आणि विशीत अमेरिकेला गेलेल्या या विजेच्या उपकरणांच्या व्यापाऱ्याने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले, तेव्हा त्यातल्या कथांना त्यांनी ‘सायंटिफिक्शन’ म्हटले. ‘सायंटिफिक’चा शेवट ‘फिक’, ‘फिक्शन’ची सुरुवातही ‘फिक’; हा सामाईक तुकडा एकदाच उच्चारायचा, की झाला शब्द तयार. कागदावर ही युक्ती चतुर दिसते, मात्र मोठ्याने म्हणू लागले की जीभ अडखळते. मासिकालाच हे नाव देण्याचा त्यांचा आधीचा बेतही लोकांच्या थंड प्रतिसादामुळे बारगळला होता.

१९२९ च्या आरंभी त्यांच्या प्रकाशनसंस्थेचे दिवाळे वाजले आणि मासिक हातचे गेले. काही महिन्यांतच त्यांनी ‘सायन्स वंडर स्टोरीज’ सुरू केले आणि तेथे ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द ठळकपणे वापरायला घेतला. जुना शब्द जुन्या मासिकाला चिकटलेला राहिला म्हणून त्यांनी तो सोडला असावा, असा माझा तर्क आहे. गंमत अशी, की जानेवारी १९२७ च्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये, ज्यूल व्हर्न यांना या साहित्याचे जणू शेक्सपिअर ठरवताना, ‘सायन्स फिक्शन’ हेच शब्द छापून गेले होते.

त्याहून जुना दाखला १८५१ चा आहे. विल्यम विल्सन या इंग्रज लेखकाने विज्ञानातील सिद्ध सत्ये रंजक गोष्टीत गुंफणाऱ्या लेखनासाठी नेमका हाच शब्द योजला होता. पण तो कोणी उचलला नाही आणि पुढच्या पिढीत एच. जी. वेल्स यांच्या कादंबऱ्या ‘सायंटिफिक रोमान्स’ म्हणूनच ओळखल्या गेल्या.

आपण ‘विज्ञानकथा’ म्हणतो, तेव्हा ‘फिक्शन’मधले कल्पितपण गळून गोष्ट तेवढी उरते. शिवाय ‘फिक्शन’मध्ये कथा आणि कादंबरी दोन्ही मावतात; ‘कथा’ म्हटले की मराठी वाचकाला आटोपशीर लांबीचे लेखनच अपेक्षित असते, त्यामुळे आपल्याला ‘विज्ञानकादंबरी’ हा शब्द वेगळा घडवावा लागला.