घरंगळणारी नळी आणि पाच फ्रेमचा फरक

मागच्या नोंदीत १ मीटर लांबीच्या लाकडी पट्टीचे वस्तुमान आघूर्णांच्या (बलांच्या फिरवण्याच्या परिणामांच्या) समतोलावरून काढले होते. टेकू ४० सेंमीच्या खुणेवर आणि ५० ग्रॅमचे वजन १६ सेंमीवर ठेवल्यावर उत्तर १२० ग्रॅम आले, काट्यावर मात्र ११८ भरले. पट्टी नुसतीच टेकूवर तोलून पाहिली तेव्हा तिचा गुरुत्वमध्य ५०.२ सेंमीवर निघाला आणि हिशेब जुळला.

या आठवड्यात घरंगळण्याचा प्रयोग केला. १.२ मीटर लांबीची फळी एका टोकाला १० सेंमी उचलून तिच्यावरून लाकडी भरीव दंडगोल आणि ५० मिमी व्यासाची पीव्हीसी नळी आळीपाळीने सोडली, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या चित्रीकरणातून वेळ मोजली. भरीव दंडगोलाचे त्वरण घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूच्या दोन तृतीयांश असते. त्यानुसार १२६ फ्रेम अपेक्षित होत्या आणि तेवढ्याच आल्या. नळीचे त्वरण निम्मे धरून मी १४५ फ्रेमची वाट पाहत होतो, पण दहा वेळा सोडूनही सरासरी १४० च्या आसपासच राहिली.

पहिला संशय अर्थातच घसरण्यावर गेला, कारण नळीला फिरवणारे आघूर्ण घर्षणच देते आणि ते अपुरे पडले तर नळी लवकर खाली पोचणार. मात्र एवढ्या मंद उतारावर ०.०४२ इतका घर्षणांकही पुरतो. तरीही कडेला खडूची रेघ ओढून फेरे मोजले: साडेसातहून किंचित जास्त, म्हणजे १५७ मिमी परिघाला हवे तेवढेच. घसरण नव्हतीच.

चूक माझ्या गृहीतकात होती. निम्मे त्वरण केवळ कागदासारख्या पातळ कड्याला लागू पडते. या नळीची भिंत ४ मिमी जाड आहे, त्यामुळे बरेचसे वस्तुमान अक्षाच्या थोडे जवळ येते. बाहेरची त्रिज्या २५ आणि आतली २१ मिमी घेतल्यावर जडत्वाचे आघूर्ण (फिरण्याच्या बदलाला होणारा विरोध) वस्तुमान गुणिले बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग याच्या ०.८५ पट होते, आणि वेळ २.३३ सेकंद, म्हणजे बरोबर १४० फ्रेम. (हे गणित आधी केले असते तर एक संध्याकाळ वाचली असती.)

पुढच्या खेपेस तीच नळी पाण्याने काठोकाठ भरून, दोन्ही तोंडे हलक्या झाकणांनी बंद करून सोडणार आहे. पाणी नळीबरोबर फारसे फिरत नाही असे धरले, तर ती भरीव दंडगोलालाच नव्हे, भरीव गोळ्यालाही मागे टाकेल. माझा अंदाज ११८ फ्रेमचा आहे.