'होस्ट'बद्दलच्या तक्रारी: पडद्याच्या किती, सिनेमाच्या किती

रॉब सॅव्हेजचा 'होस्ट' हा ब्रिटिश भयपट पाहून झाल्यावर आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधून जी मतं येतात, ती थोडक्या वाक्यांत मावतात. तासाभराचा हा कसला सिनेमा? सुरुवातीला नुसत्या गप्पा. अंधारात काही दिसलंच नाही. लॅपटॉप बंद का नाही केला? आणि सगळ्यांत जास्त वेळा: भूत कुणाचं ते शेवटपर्यंत कळलंच नाही. यातली एक तक्रार तुमच्या टीव्हीची आहे, एक सवयीची आहे, आणि सिनेमाची खरी उणीव यांपैकी एकीतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पुढे कथेतल्या काही गोष्टी फुटतील, तेव्हा सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२० च्या मार्चअखेरीस ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच वर्षी ३० जुलैला 'होस्ट' शडर या भयपटांच्या ऑनलाइन वाहिनीवर आला. कल्पना सुचल्यापासून सिनेमा हातात पडेपर्यंत साधारण बारा आठवडे. सगळा सिनेमा म्हणजे एक झूम कॉल. हेली, जेमा, एमा, रॅडिना, कॅरोलाइन आणि टेडी हे मित्र आपापल्या घरी बसून, सीलन नावाच्या बाईच्या मार्गदर्शनाखाली प्लँचेट करतात. पात्रांची नावं नटांचीच आहेत. दिग्दर्शक कॉलवरून सांगत होता. कॅमेरा लावणं, दिवे लावणं आणि बऱ्याच करामती नटांनी आपापल्या घरी स्वतः केल्या.

लांबीची तक्रार लवकर निकालात निघते. सिनेमा ५७ मिनिटांचा आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि ऑस्कर देणारी अकादमी, दोघींच्या लेखी ४० मिनिटांच्या वरचा तो पूर्ण लांबीचा चित्रपट. शिवाय फुकटच्या झूम खात्यावर तिघं किंवा त्याहून जास्त जण असले की ४० मिनिटांची मर्यादा होती, हे ऑनलाइन शाळेमुळे आपल्याकडच्या चौथीतल्या मुलालाही पाठ झालं होतं. सिनेमा त्या मर्यादेचाच घड्याळासारखा वापर करतो. ती वेळ ताणून दोन तास केली असती तर गोष्टच कोसळली असती. आणि सोयीचं बोलायचं तर नऊला सुरू केला की दहाला मोकळे, सराफ्याचा खाऊबाजार तेव्हा कुठे रंगात यायला लागलेला असतो.

"काही दिसलंच नाही" हे मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण बहुतेक वेळा ते खरंच असतं. दिसत नाही याचं पहिलं कारण टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड. दुकानातल्या झगझगाटात पडदा उठून दिसावा म्हणून तो असतो. त्यात उजेड वाढतो आणि काळ्याच्या जवळच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. तो बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ती चित्राच्या सेटिंगमध्येच सापडते. झूमच्या चित्राचं अडखळणं ही या सिनेमाची भाषा आहे, आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून ते अडखळणं पुसतो. तिसरं, इंटरनेट मंदावलं की प्रसारण आपोआप ४८० वर उतरतं आणि अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी डाग पडतात. दर्जा 'ऑटो'वर न ठेवता १०८० वर पक्का करा आणि घरातले बाकीचे फोन तासभर वायफायवरून काढा. ट्यूबलाइट विझवाच. पडद्यात मागच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसत असेल तर पडदा ओढा.

'होस्ट'साठी माझी खरी शिफारस टीव्हीची नाहीच. तो लॅपटॉपवर, पूर्ण पडद्यावर, तारेचे हेडफोन लावून पाहावा. गोष्ट लॅपटॉपच्या पडद्यावर घडते, तेव्हा चौकटींचा आकार आणि डोळ्यांपासूनचं अंतर तिथेच बरोबर जुळतं. आठ फुटांवरच्या टीव्हीवर सहा चौकटींतली पाचवी चौकट, तिच्यातलं अर्धवट उघडं दार आणि दारामागचा काळोख शोधायचा तर डोळ्यांना ताण पडतो. ब्लूटूथचे हेडफोन नकोत. काही जोड्यांत आवाज पाव सेकंदापर्यंत मागे पडतो आणि दचकण्याची जागा चुकते.

आवाजाबद्दल एवढंच: सुरुवातीच्या गप्पा नीट ऐकू येतील इतका आवाज ठेवा आणि मग हात लावू नका. साउंडबारला 'नाइट मोड' असेल तर तो बंद हवा, कारण तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, म्हणजे या सिनेमाला जे करायचं आहे त्याच्या बरोबर उलट. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू ठेवून असला सिनेमा पाहण्यात अर्थ नाही. त्याची घरघर नेमकी त्याच खालच्या सुरांवर बसते जिथे दारामागची हालचाल ऐकू यायला हवी. उन्हाळ्यात पाहायचाच असेल तर अकरानंतर, माळव्याची रात्र निवल्यावर, खिडक्या उघडून आणि कूलर बंद करून पाहा.

ब्रिटिश उच्चार जड जातात म्हणून सबटायटल्स लावली जातात. तिथे एक धोका आहे. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्समध्ये 'पावलांचा आवाज', 'दार करकरतं' हेही लिहून येतं, आणि ते अनेकदा आवाजाच्या क्षणभर आधी येतं. फक्त संवादांची सबटायटल्स मिळत असतील तर ती निवडा. नसतील तर पहिल्या गप्पांपुरती ठेवा आणि प्लँचेट सुरू झालं की काढून टाका. त्यानंतर शब्दांना फारसं महत्त्व उरत नाही.

आता गप्पांची तक्रार. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना जाणाऱ्या प्रेक्षकानं ती करावी याचं मला नवल वाटतं, कारण पहिल्या अंकात घर आणि माणसं मांडायची असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्या गप्पांमध्ये पुढची सगळी हत्यारं टेबलावर ठेवली जातात. कॅरोलाइननं आपल्या खोलीत ये-जा करतानाचा स्वतःचाच व्हिडिओ पार्श्वभूमी म्हणून लावलेला आहे. एमा चेहऱ्यावर चढणारे गमतीचे फिल्टर लावते. दोन्ही गोष्टी पुढे भीतीसाठी वापरल्या जातात आणि दोन्ही तांत्रिकदृष्ट्या खोट्या नाहीत. झूमला पार्श्वभूमी म्हणून व्हिडिओ देता येतो आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चेहरा ओळखणारा प्रोग्रॅम डोळे-नाक-तोंड यांच्या उजेड-अंधाराची जुळणी शोधतो, आणि मंद प्रकाशात, कपड्यांच्या ढिगावर किंवा पडद्याच्या चुण्यांवर तो खरोखरच फसतो. म्हणून रिकाम्या काळोखात फिल्टर हवेतच एका चेहऱ्यावर जाऊन बसतो तेव्हा अंगावर काटा येतो. असं होऊ शकतं हे आपण आपल्याच फोनवर पाहिलेलं असतं.

कमी पैशांत हे कसं जमतं, याचं उत्तर वेबकॅमच्या वाईटपणात आहे. हिशेब करून पाहा. साधारण ७० अंशांचा वेबकॅम दोन मीटर अंतरावर सुमारे २.८ मीटर रुंदीचं चित्र पकडतो. ७२० दर्जाच्या चित्रात आडवे १२८० ठिपके असतात, म्हणजे एका ठिपक्याला दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा आली. भुतानं ओढल्यासारखी खुर्ची सरकवायला ०.३० मिलिमीटरची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, वापरली तर ती एका ठिपक्याच्या सातव्या हिश्शाएवढी. वर उजेड कमी असला की वेबकॅम प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतो, सेकंदाला ३० ऐवजी १५ चौकटींवर येतो, आणि हलती दोरी पुसटून जाते. तंगूस उघडी पडते ती एकाच कारणानं: मागून किंवा बाजूनं आलेला उजेड तिच्यावर चमकला तर. म्हणून दिवा कॅमेऱ्याच्या बाजूनं हवा आणि मागची भिंत गडद हवी.

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. दोरी खुर्चीच्या पाठीला बांधली तर खुर्ची सरकण्याऐवजी उलटते. ती पायांना, जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत बांधावी. पायांखालची रबरी टोपणं काढून जाड लोकरी कापडाचे तुकडे चिकटवावेत, नाहीतर फरशीवर खुर्ची थरथरत येते आणि ओढणाऱ्याचा हात कळतो. तीन किलोच्या प्लास्टिकच्या खुर्चीला किलोभर ओढ पुरते, सहा-सात किलोच्या लाकडी खुर्चीला दुप्पट. नायलॉन आधी ताणतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे झटका छान मिळतो. पण संथ सरकवायची असेल तर विणलेली दोरी घ्यावी. तंगूस बोटाला गुंडाळू नका, कापतं. काठीला बांधून ओढा. खुर्चीत माणूस बसलेला असताना हा प्रयोग करायचा नाही.

"लॅपटॉप बंद का नाही केला" याचं उत्तर सिनेमात आहे, फक्त ते घाईत येऊन जातं. बैठक रीतसर मिटवायची असते, आणि सीलन मध्येच कॉलवरून तुटते. लॅपटॉप मिटल्यानं बोलावलेलं परत जात नाही. शिवाय प्रत्येक जण टाळेबंदीत अडकलेला आहे. तो कॉल सोडला की घरात आपण आणि ते, दोघंच.

सगळ्यांत मोलाची तक्रार शेवटची: भूत कुणाचं? आपल्याकडे भुताला कुळ असतं. सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, इच्छा अडकून पडलेल्याचा समंध होतो, हडळीची गोष्ट वेगळी, वेताळाचा मान वेगळा. कोण, कशानं मेलं, काय राहून गेलं, आणि काय दिलं की सुटेल, हे चारही कळल्याशिवाय आपली भुताची गोष्ट पूर्ण होत नाही. त्यामुळे 'होस्ट' पाहणारा मराठी प्रेक्षक शेवटपर्यंत त्या नावाची वाट पाहतो.

ते नाव येत नाही, कारण इथे गुन्हाच नावाचा आहे. जेमा गंमत म्हणून जॅक नावाच्या, गळफास घेतलेल्या एका मित्राची गोष्ट सांगते. असा कुणी जॅक कधी नव्हताच. सीलन नंतर समजावते की खोटा मृत बोलावला की तो मुखवटा होतो आणि पलीकडचं काहीही तो घालून येऊ शकतं. म्हणजे कुळ नसलेलं भूत ही पटकथेची चूक नव्हे, तीच मूळ कल्पना आहे. ज्याला नाव नाही त्याला काय देऊन परत पाठवणार? मेलेल्यांची थट्टा करू नये हे आपल्याकडे पितृपक्षात मुलांना सांगावं लागत नाही. त्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट लंडनच्या प्रेक्षकापेक्षा इंदूरच्या रामबागेतल्या आजींना लवकर कळेल.

ब्रिटिश भूतकथेत ही वाट जुनीही आहे. एम. आर. जेम्सच्या एका कथेवर जोनाथन मिलरनं १९६८ साली बीबीसीसाठी जो छोटा चित्रपट केला, त्यात भूत म्हणजे हवेत उठलेली अंथरुणावरची चादर. ते कुणाचं, हे तिथेही सांगत नाहीत.

सिनेमाची खरी उणीव वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेवटच्या पाव भागात तो स्वतःच्याच पद्धतीवरचा विश्वास सोडतो. तोवर भीती चौकटीच्या कोपऱ्यातून, उशिरानं, बघणाऱ्याच्या नजरेनं येत होती. मग धक्क्यांमागून धक्के येतात, दोन धक्क्यांमध्ये कान आणि डोळे पुन्हा शांत व्हायला वेळच राहत नाही, आणि तिसऱ्या धक्क्याला आपण फक्त आवाजाला दचकतो. अगदी शेवटच्या क्षणी जे समोर आणून दाखवलं आहे ते दाखवायला नको होतं. मुखवट्याच्या गोष्टीत चेहरा दिसला की मुखवटा संपला. टेडीचं पात्रही अपुरं आहे; तो बराच वेळ कॉलबाहेर राहतो आणि परत येतो तेव्हा त्याच्याबद्दल काही वाटावं इतकी ओळख झालेली नसते. त्यापुढे नावांची यादी झूमच्या सहभागींच्या यादीतून दाखवणं मात्र फार सुंदर सुचलेलं आहे, ती संपेपर्यंत पडदा बंद करू नका.

आवडला तर पुढचा पाहायचा तो 'घोस्टवॉच'. स्टीव्हन व्होकनं लिहिलेला आणि लेस्ली मॅनिंगनं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट बीबीसीनं ३१ ऑक्टोबर १९९२ ला दाखवला, तोही थेट प्रक्षेपण असल्यासारखा. मायकेल पार्किन्सन हे खरे निवेदक स्वतःच्याच नावानं स्टुडिओत बसलेले होते. चित्रीकरण आधीच झालेलं होतं, पण असंख्य घरांत ते खरं समजलं गेलं. ब्रिटिश टीव्हीवर तो पुन्हा दाखवला गेला नाही. इथल्या भुताला, म्हणजे पाइप्सला, कुळ आहे. पण प्रेक्षकांच्या फोनमधून ते सरकत राहतं, एका मेलेल्या माणसामागे आणखी एक जुनी बाई निघते. मुलींच्या झोपायच्या खोलीची फीत स्टुडिओत पुन्हा चालवतात तेव्हा निवेदकाकडे पाहू नका, खिडकीच्या पडद्यापाशी पाहा, आणि दोन्ही वेळा पाहा.

हा दुसरा चित्रपट लहान मुलांसमोर लावू नये. १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो पाहून मानसिक आघात झालेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद छापून आली होती. बातम्यांसारखा दिसणारा कार्यक्रम खरा नसतो हे त्या वयात उलगडून सांगता येत नाही. 'होस्ट' पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर चालेल, फक्त त्यात आत्महत्येचा उल्लेख आणि मारझोडीची दृश्यं आहेत, ती आधी स्वतः पाहून मग ठरवा.