मिरजेहून मक्का-मदिनेला : आवडलेलं, खुपलेलं आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

मिरजेतून दर महिन्याला कोणी ना कोणी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जातं. परत आलं की घरी माणसांची रीघ लागते, खजूर वाटले जातात, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी घोट-घोट दिलं जातं. कसं होतं असं विचारलं की सगळे एकच सांगतात, "सुकून मिळाला." मलाही मिळाला. पण त्याबरोबर बरंच काही दिसलं जे आत कुठेतरी खुपत राहिलं, आणि बरंच काही असं होतं जे आधी कळलं असतं तर दादीचे हाल वाचले असते. कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहिते.

आम्ही तिघं गेलो, दादी, अब्बा आणि मी. हज वर्षातून एकदाच, झिलहिज महिन्याच्या ठरावीक दिवसांत होतो. भारताचा कोटा १,७५,०२५ चा, त्यात हज कमिटीकडे अर्ज करून सोडतीची वाट बघायची. उमरा हजचे दिवस सोडले तर वर्षभरात केव्हाही करता येतो, पण तो बहुतेक खासगी टूरवाल्यांच्या हातात आहे. माणशी लाखाच्या आसपास खर्च आला. रमजानात हाच आकडा खूप वर जातो. महिना निवडताना पैशांइतकाच उन्हाचा विचार करा. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि १,३०० हून जास्त यात्रेकरू दगावले. घरात साठी उलटलेलं कोणी बरोबर असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून दुसऱ्या महिन्याचा विचारही करू नका.

मिरजेहून निघणाऱ्यांनी विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. रात्रीची महालक्ष्मी सकाळी पोचवते खरी, पण गाडी लेट झाली तर विमान थांबत नाही. मुंबई ते जेद्दा साधारण साडेपाच तास. पुरुषांनी इहरामचे, म्हणजे यात्रेच्या व्रताचे, दोन बिनशिवलेले कपडे घरूनच किंवा विमानतळावर नेसून घ्यावेत. मिकात, म्हणजे इहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द, येण्याआधी विमानात घोषणा होते आणि तेव्हा विमानातल्या संडासात कपडे बदलायला रांग लागते. बायकांना वेगळा पोशाख नाही, रोजचे अंगभर कपडे चालतात. फक्त इहरामच्या काळात तोंडावर नकाब आणि हातमोजे नकोत. अत्तर, सुवासिक साबण, नखं कापणं, सगळं इहराम सुटेपर्यंत बंद. बिनवासाचा साबण मिरजेतूनच घेऊन ठेवा.

आता हॉटेलचं. आमच्या टूरवाल्याने "हरमपासून ५०० मीटर" असं सांगितलं होतं. हरम म्हणजे जिच्या मधोमध काबा आहे ती मोठी मशीद. पण ते अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेलं होतं. प्रत्यक्षात मिसफलामधल्या चढावरच्या गल्लीतून खाली उतरायचं, इब्राहिम खलील रस्ता धरायचा, हरमचं बाहेरचं अंगण ओलांडायचं आणि मग आतलं चालणं सुरू व्हायचं. येताना तोच चढ. दादीचे गुडघे पहिल्याच रात्री सुजले. दर वळणाला ती कठड्याला टेकायची आणि म्हणायची, "दम खाऊ दे गं जरा." तक्रार केल्यावर टूरवाल्याच्या माणसाने "इथे सगळ्यांचं असंच असतं" म्हणून हात झटकले. पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव लेखी घ्या, "किंवा तत्सम" हे शब्द खोडून घ्या, आणि फोनवरच्या नकाशात हॉटेल ते हरम हा पायी रस्ता स्वतः काढून बघा. चढ आहे का, शटल बस आहे का, ती रात्री किती वाजेपर्यंत चालते, हेही विचारा.

पण तवाफ, काब्याभोवतीच्या सात फेऱ्या. त्याबद्दल हात आखडता घेऊन लिहिता येणार नाही.

काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा मागितलेली दुआ कबूल होते असं आपल्याकडे मानतात, म्हणून लोक मान खाली घालून आत येतात. मीही तशीच आले. मान वर केली तेव्हा काय मागायचं ठरवलं होतं ते आठवेना. समोर जेमतेम १३ मीटर उंचीची काळ्या गिलाफातली चौकोनी वास्तू, आणि तिच्याभोवती माणसं फिरतायत. इंडोनेशियाच्या बायकांचे एकसारख्या रंगाचे स्कार्फ, नायजेरियाचे उंच पुरुष, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. कोण किती शिकलेला, कोणाचं घर केवढं, काही कळायला मार्ग नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून एक तुर्की आजी सातही फेऱ्या चालली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. शेवटच्या फेरीला तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

भर दुपारीही मताफची, म्हणजे तवाफ करायच्या अंगणाची, पांढरी फरशी अनवाणी पायांना थंड लागते. हा संगमरवर ग्रीसच्या थासोस बेटावरून आणलेला आहे. उन्हाची उष्णता तो फारशी धरत नाही. आणि ही फरशी धुणारी माणसं बघाच. दोरी धरून एक कडं करतात, आत पाणी टाकतात, खराट्याने ओढतात, पुसतात, आणि तवाफ न थांबता ते कडं पुढे सरकत राहतं. त्यातले कितीतरी बांगलादेशचे, काही आपल्याकडचे. एकाला विचारलं, तुम्ही रोज इथेच, किती नशीबवान. तो हसला आणि म्हणाला, घरी जाऊन तीन वर्षं झाली.

हजरे अस्वदला, काब्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाला, ओठ टेकवायच्या नादी लागू नका, बायकांनी तर नाहीच. तिथली रेटारेटी श्वास कोंडणारी असते आणि धक्क्यांमध्ये वाईट हेतूचे हातही असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. हिरव्या दिव्याच्या रेषेवरून लांबूनच हात उंचावून इशारा केला की पुरतं. गर्दीत दुसऱ्याला इजा करून चुंबन घेण्यात कसलं पुण्य, हे मला कोणी समजावून सांगितलं तरी पटणार नाही.

खालच्या मताफवर पुरुषांपैकी बहुतेक वेळा इहराममधल्यांनाच सोडतात. पहिला उमरा झाल्यावर साध्या कपड्यांतल्या अब्बांना पहारेकऱ्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं. वर एक फेरी खालच्यापेक्षा कितीतरी लांब पडते, तेव्हा वेळ आणि पाणी दोन्हीचा हिशेब ठेवा. म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर आणि वरच्या मजल्यावर विजेच्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात. अधिकृत काउंटरवरूनच घ्या. मध्येच येऊन "चला, मी ढकलतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर शेवटी मर्वा टेकडीला पोचल्यावर भाव बदलतो.

सफा-मर्वामध्ये मात्र मी अडकले. पैगंबर इब्राहिमची बायको हाजरा एकटी, तान्हा इस्माईल तहानेने रडतोय, आणि ती पाण्यासाठी दोन टेकड्यांमध्ये धावतेय, तिच्या धावण्याची ही आठवण. सात वेळा जायचं, मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. मध्ये हिरव्या दिव्यांचा पट्टा लागतो, तिथे पुरुष धावतात. बायकांनी मात्र चालायचं. एका आईच्या धावण्याची आठवण, आणि धावायचं फक्त पुरुषांनी. यामागचं कारण उलेमा सांगतात, पडद्याचं आणि लाजेचं, ते मला माहीत आहे. तरी त्या पट्ट्यात दर वेळी माझे पाय ओढ घेत होते आणि मी त्यांना आवरत होते. दादीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मनातून धाव की. ते कोण बघतंय?" ही सात वेळची चाल, म्हणजे सई, झाल्यावर बायकांनी केसांचं टोक बोटाच्या पेराएवढं कापायचं असतं. छोटी कात्री हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका.

हरमच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की डोक्यावर घड्याळाचा मनोरा, ६०१ मीटर उंच. खाली मॉल, वर हॉटेल, आणि काबा दिसणाऱ्या खोलीचं भाडं वेगळं. त्या जागच्या ओटोमन काळातल्या अजयाद किल्ल्याला २००२ मध्ये पाडून हे उभं राहिलं. गर्दी वाढली, माणसं कुठेतरी राहायला हवीत, हे मान्य. पण आत सगळे दोन पांढऱ्या कपड्यांत एक झालेले, आणि बाहेर पडताच जवळ राहणार कोण आणि चढ चढणार कोण हे पैशाने ठरतं. मिसफलाच्या चढावर दादीला धरून उभी असताना तो मनोरा रात्री हिरवा उजळायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

मदिनेत जीव शांत झाला. हरमैन रेल्वे ३०० किलोमीटर वेगाने धावते आणि साडेचारशे किलोमीटरचा प्रवास अडीच तासांच्या आत संपतो. टूरवाला बसने नेणार असेल तर थोडे जास्त पैसे भरून रेल्वेचं तिकीट काढा, म्हाताऱ्यांसाठी तर नक्कीच. मस्जिदे नबवीचं, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीचं, अंगण, सकाळी उघडणाऱ्या मोठ्या छत्र्या, हळू आवाजात बोलणारी माणसं. रौजाला, पैगंबरांच्या कबरीजवळच्या जागेला, जायला नुसुक या सौदी सरकारी ॲपवर वेळ घ्यावी लागते आणि ती सहसा वर्षातून एकदाच मिळते. मिरजेत असतानाच, व्हिसा आल्या आल्या प्रयत्न सुरू करा. बायकांच्या वेळा वेगळ्या असतात. दार उघडलं की धावाधाव होते, आणि हिरव्या गालिच्यावर थोडीच मिनिटं पदरी पडतात. त्या वेळेत नमाज पढा, फोन बाहेर काढू नका. माझ्या शेजारच्या बाईने सगळा वेळ व्हिडिओ कॉलवर घालवला.

जन्नतुल बकी या मदिनेच्या कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत. मी जाळीबाहेरून बघितलं. मोकळी तांबूस माती, ओळीने ठेवलेले दगड, कुठेही नाव नाही. पैगंबरांच्या घरची माणसं, त्यांचे सहाबी, म्हणजे सोबती, इथे आहेत. एके काळी त्यांच्यावर घुमट होते, साधारण शंभर वर्षांपूर्वी ते पाडले. अब्बा आत गेले तर हात जोडल्यासारखे उभे राहिले म्हणून रखवालदाराने हटकलं.

मी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीत वाढले. उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ चढतो, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथेच दफन आहेत आणि त्यांच्या आठवणीत रात्र-रात्र गाणं होतं. ज्यांच्या गल्लीत सतार आणि तंबोरे घडतात, त्या आम्हाला कबर म्हणजे फुलं, ऊद, आणि बसून दोन गोष्टी सांगायची जागा. बकीची उघडी माती बघून मला रडू आलं, आणि ते श्रद्धेचं होतं की रागाचं, अजून सांगता येत नाही. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा म्हणाला, हेच खरं, आपल्याकडचं सगळं बिदअत, म्हणजे धर्मात नंतर घुसवलेलं. मी वाद घातला नाही, पण मला ते मान्य नाही. माझ्या दादीने आयुष्यभर दर्ग्यात दिवा लावला आणि पाच वक्ताची नमाजही चुकवली नाही. तिचा दीन कमी, असं मला कोणी सांगू नये.

मुलींसाठी, कारण हे कोणी उघडपणे बोलत नाही. पाळीत तवाफ करता येत नाही. इहराम बांधून पोचल्यावर पाळी आली तर इहराम तसाच ठेवायचा, पाळी संपल्यावर गुस्ल (पाक होण्याची आंघोळ) करून मग तवाफ. टूरची तारीख घेतानाच आपली तारीख बघा. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पाळी लांबवायच्या गोळ्या मागायला बायका विमानाच्या आदल्या दिवशी येतात. या गोळ्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असेल किंवा मायग्रेन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. महरम (नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक) सोबत नसलेल्या स्त्रियांनाही आता उमऱ्याला येऊ देतात. टूरवाला नाही म्हणाला तर दुसरा बघा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या गोळ्यांवर तिथे कडक बंधनं आहेत. खसखस बंद आहे. आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात बऱ्याचदा ती असते, तेव्हा डबा भरण्याआधी आईला विचारा. गुटखा, माव्याचं नावच नको. प्लग जाड तीन पिनांचे, अडॅप्टर इथूनच घ्या. १०० रियाल सुट्ट्या नोटांत जवळ ठेवा. चपलांसाठी नाडीची पिशवी हवीच, दाराशी ठेवलेली चप्पल सापडत नाही. आत शिरताना गेटच्या नंबरचा फोटो काढा, दादीच्या गळ्यात हॉटेलचं कार्ड आणि आपला फोन नंबर अडकवा. आमची दादी एकदा चुकली तेव्हा त्या कार्डावरूनच एका पाकिस्तानी मुलाने तिला खोलीपर्यंत आणून सोडलं.

झमझम हरममध्ये थंड आणि साधं अशा दोन्ही पिंपांतून मिळतं. घसा धरणाऱ्यांनी साधं प्यावं. घरी आणायला विमानतळावर पाच लिटरचं बंद खोकं मिळतं, पासपोर्टमागे एक. हॉटेलात बाटल्या भरून बॅगेत कोंबू नका, तपासणीत काढून ठेवतात. खोक्यावर जाड मार्करने नाव आणि मिरज लिहा. मुंबईला पट्ट्यावर सगळी खोकी एकसारखीच येतात.