कडीचा रुपया

नाणी जमवणाऱ्या मंडळींशी माझं फारसं जमत नाही. त्यांना लागतो कोरा करकरीत रुपया. राणीच्या मुकुटावरची नक्षी शाबूत हवी, कडेचे दाते हाताला लागायला हवेत, आणि कुणी घासून चकचकीत केलेला तर मुळीच नको. हट्ट बरोबर आहे, किंमतही त्यालाच येते. मला मात्र आवडतो लोकांनी पार खराब करून टाकलेला राणीछाप. वर कडी डाखलेली असेल, तर फारच उत्तम!

1835 साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. पुढे कंपनी गेली, राणी आली, राजे आले. पण हा हिशेब 1940 पर्यंत टिकला. त्या साली महायुद्धाच्या ओढाताणीत चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. जुन्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा. असा रुपया बायकांनी गळ्यात घातला यात नवल ते काय? पैसा अंगावर राहतो, मिरवायलाही होतो, आणि वर्ष वाईट निघालं की माळेतला एक कमी करायचा. लमाणांच्या तांड्यावर तर रुपये, अधेल्या, पावल्या अंगभर दिसत.

माझ्याकडे असा एक 1862 चा आहे. कडी केव्हाच तुटली. मुकुटाच्या वर डाखाचा करडा गोळा तेवढा उरलाय. राणीचा चेहरा बऱ्यापैकी शाबूत, कारण ती बाजू बाहेर. मागची बाजू मात्र छातीवर घासून घासून इतकी गुळगुळीत झालीय, की उजेडात तिरपा धरल्याशिवाय साल वाचता येत नाही. आता यातली गंमत सांगतो. 1862 चा शिक्का 1874 पर्यंत तसाच चालला, साल बदललंच नाही. मुंबईच्या टाकसाळीतल्या रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके आहेत, आणि ते मोजून रुपया नेमका कोणत्या वर्षी पडला हे कळतं, असं जाणकार मानतात. ते भिंग लावून ठिपके मोजतात. माझ्या रुपयावर मोजायला ठिपकेच नाहीत. कुण्या बाईने वर्षानुवर्षं अंगावर वागवून ते पुसून टाकले!

बाकी शौकिनांचा लाडका आहे 1911 चा पंचम जॉर्ज. त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून दिला. त्याला सगळे ‘पिग रुपी’ म्हणतात. किस्सा झकास, पण सगळ्यांनाच पाठ. मला त्याहून लक्ष्मीपूजनातली राणी जास्त मजेची वाटते. रिठ्याच्या पाण्याने आंघोळ, मग पाटावर लक्ष्मीशेजारी जागा आणि कपाळावर कुंकू. मुकुटाच्या खाचांत बसलेलं ते कुंकू पुढे कितीही धुतलं तरी निघत नाही. व्हिक्टोरियाचे रुपये 1941 साली चलनातून बाद झाले, पाटावरून नाही.

खरी धास्ती आहे ती चांदीच्या भावाची. भाव चढला की आधी मुशीत जातात ते हेच, कडीचे आणि झिजलेले. शौकीन त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि सोनाराला चांदीशी मतलब. चांगल्या नाण्याला काय, मखमलीची डबी मिळतेच. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात मी आधी विक्रेत्याच्या डब्याचा तळ उपसतो. तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याला माझी आवड अजून पटलेली नाही. मागे एकदा म्हणाला, “साहेब, कडी कापून, पालिश मारून देतो की. नव्यासारखा होईल.”

म्हटलं, “नको, कडीसकट द्या.”

त्याने रुपया उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “मग कडीचे वेगळे पडतील.”