खुर्चीला पासवर्ड

डिसेंबर २०२१. डेन्व्हरला बाहेर बर्फ आणि घरात माझी पॉवर व्हीलचेअर बंद. जॉयस्टिकवरचे दिवे लुकलुकायचे, खुर्ची काही जागची हलायची नाही. डीलरला फोन केला तर माणूस तीन आठवड्यांनी येणार, तोही नुसता बघायला! मग पार्टची ऑर्डर, मग इन्शुरन्सचा होकार, असं करत करत सात आठवडे गेले. तोवर कुणाची तरी जुनी, हाताने ढकलायची खुर्ची आणली होती, म्हणजे साधं पाणी प्यायचं तरी नवऱ्याला हाक मारायची. आणि शेवटी निघालं काय, तर सीटखालचा एक कनेक्टर सैल! नवऱ्याने तो पहिल्याच दिवशी दाबून बसवला असता, पण ते दिवे काय सांगतायत हे कळायला सर्व्हिस मॅन्युअल लागतं आणि ते फक्त डीलरकडे, कंट्रोलरच्या सेटिंग्ज बघायच्या तर कंपनीचंच यंत्र आणि त्याला पासवर्ड.

जून २०२२ मध्ये आमच्या कोलोरॅडो राज्याचे गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी पॉवर व्हीलचेअर दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यावर सही केली, १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. पार्ट, मॅन्युअल, टूल्स, सॉफ्टवेअर हे सगळं कंपनीने मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यायचं. असा कायदा करणारं कोलोरॅडो अमेरिकेतलं पहिलं राज्य. हे विधेयक आणणाऱ्यांत आमदार डेव्हिड ऑर्टिझ होते, अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर कोसळून जायबंदी झालेले, स्वतः व्हीलचेअर वापरणारे. कंपन्यांचं पालुपद एकच, हे मेडिकल उपकरण आहे, कुणीही उघडलं तर धोका. अहो, आणि सात आठवडे नको त्या खुर्चीत बसून पाठीला जखमा झाल्या तर तो धोका नाही का?

पुण्याला मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत केलं असतं गं." मावशी, पासवर्ड त्यालाही लागला असता.

आता सगळं गोड झालंय असं नाही. नवऱ्याच्या मेहनतीचे पैसे इन्शुरन्स थोडीच देणार, आणि पार्टही बरेचदा खिशातूनच. पण गेल्या शनिवारी आम्ही गॅरेजमध्ये बॅटऱ्या बदलल्या, १२ व्होल्टच्या दोन, वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून. जोडून झालं, स्विच दाबला, तर परत दिवे लुकलुक! माझ्या पोटात गोळाच आला. ह्यावेळी मॅन्युअल होतं, लुकलुक मोजली, पान काढलं. ब्रेकचा खटका उघडा राहिलाय. खुर्ची ढकलत गॅरेजमध्ये नेताना नवऱ्यानेच सोडला होता.