सव्वीस इनिंग आणि पदरात काही नाही

परवा दुपारी लाइट गेली. जेवण जरा जडच झालेलं, झोप येईना, मग मोबाइलची बॅटरी आहे तोवर म्हणून मी माझा जुना उद्योग काढला, जुनी स्कोअरकार्डं वाचत बसायचा. कुणी पंचांग वाचतं, कुणी रेल्वेचं टाइमटेबल, मी न बघितलेल्या मॅचेसचे आकडे वाचते. घरचे आता काही बोलत नाहीत.

हाती लागली १ मे १९२० ची मॅच. बॉस्टनचं ब्रेव्ह्ज फील्ड, ब्रुकलिन रॉबिन्स विरुद्ध बॉस्टन ब्रेव्ह्ज. बेसबॉल मला ओ की ठो कळत नाही, पण आकडे कळतात ना. पाचव्या इनिंगला ब्रुकलिनचा एक रन, सहाव्याला बॉस्टनचा एक, आणि मग शून्य, शून्य, शून्य, नऊ इनिंगची मॅच सव्वीसपर्यंत गेली तरी शून्यच. शेवटी अंधार पडला म्हणून अंपायरने थांबवली. एक-एक. ब्रुकलिनचा ऑल्सन म्हणे अजून एक इनिंग मागत होता, म्हणजे तीन अख्ख्या मॅच खेळलो असं सांगता आलं असतं!

आमच्याकडे पण अंधारच ठरवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या टीमची मॅच असली की मुलं मला बॅट द्यायची नाहीत, मग मामाने माझ्या हातात स्कोअरबुक दिलं, 'तू हे सांभाळ'. मांडीवर वही, दोन पेन्सिली, एक कानामागे. ओव्हरमध्ये रन नाही गेला की सहा टिंबं जोडून मेडनचा एम काढायचा, तो मी इतका कोरून काढायचे की पुढच्या ओव्हरचा पहिला बॉल हमखास चुकायचा. मग मामाचा ओरडा.

भारताचे बोलर बापू नाडकर्णी यांचे सलग २१ एम ज्याने काढले असतील त्याचा मला तेव्हापासून हेवा वाटतो. मद्रास, १९६४. ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन. विकेट? शून्य.

तर बॉस्टनमध्ये दोन्ही पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, ब्रुकलिनचा लिऑन केडोर आणि बॉस्टनचा जो एशगर, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. सव्वीसच्या सव्वीस इनिंग एकेका माणसाने टाकल्या, आजचे कोच ऐकूनच आडवे होतील. एशगरने तर शेवटच्या २१ इनिंग एकही रन दिला नाही. हो, इथेही २१, मी पुन्हा मोजलं. आणि पिचरच्या नावापुढे जिंकलेल्या-हरलेल्या मॅचचा जो हिशोब असतो त्यात दोघांना त्या दिवसाचं काय मिळालं, तर काही नाही. मॅच टाय ना, मग ना जीत ना हार. हात खांद्यातून निखळायची वेळ आली असेल आणि रकाना कोरा. मला उगाचच राग आला, तोही शंभर वर्षं उशिरा.

ब्रुकलिनवाले दुसऱ्या दिवशी घरी जाऊन १३ इनिंग खेळून हरले, तिसऱ्या दिवशी परत बॉस्टनला १९ खेळून हरले. तीन दिवसांत ५८ इनिंग आणि जीत एकही नाही. तरी त्या वर्षी नॅशनल लीग त्यांनीच जिंकली, म्हणजे बघा.

बॉस्टनचा चार्ली पिक त्या मॅचमध्ये अकरा वेळा बॅटिंगला आला, हिट शून्य. मी असते तर ते अकरा पेन्सिलीने अगदी बारीक लिहिले असते.

लाइट आली. मिक्सर सुरू झाला.